शॉकअपमधला व्हॉल्व्ह आणि पेटंट ऑफिसची तपासणी



गेल्या महिन्यात दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, ओळखीचा एक तरुण कारागीर दुकानावर आला. त्याचे वडील आमच्या भागात पॉवरलूमचे फिटर होते. मुलगा लेथवर बसतो आणि मालवाहू टेम्पोचे शॉकअब्सॉर्बर, ज्यांना गॅरेजवाले शॉकअप म्हणतात, ते उघडून दुरुस्त करून देतो. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागदांचा गठ्ठा. बसता बसताच म्हणाला, "चाचा, अक्षरे वाचता येतात, अर्थ लागत नाही. माझेच बिल माझ्या विरुद्ध लावले आहे. एवढे बघून सांगा."

मी कापडवाला माणूस, शिक्षण उर्दू माध्यमातले. पण साडीच्या काठाच्या डिझाइन नोंदवण्याच्या निमित्ताने अशा सरकारी कागदांशी माझा थोडा संबंध आला होता. त्याचे कागद दोन दिवस ठेवून घेतले, एका जाणकार पेटंट एजंटाकडून काही गोष्टी समजून घेतल्या. त्यातून जे कळले ते इथे मांडतो. लेथवर, भट्टीवर, वर्कशॉपमध्ये नवे काही करून बघणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि अर्ज करून मोकळे झालो की पेटंट मिळाले असे समजणारेही पुष्कळ आहेत. अर्ज ही फक्त दारावरची थाप आहे. आत तपासणी होते, आणि खरा प्रकार तिथेच घडतो.

आधी शब्दाचा घोटाळा दूर करू. मराठीत 'शोध' हा एकच शब्द तीन कामे करतो. हरवलेल्या माणसाचाही शोध, गुरुत्वाकर्षणाचाही शोध आणि वाफेच्या इंजिनाचाही शोध. उर्दू शाळेत आमचे उस्ताद यांना तीन वेगळे शब्द शिकवत : तलाश, दरियाफ्त आणि ईजाद. पेटंट मिळते ते फक्त ईजादला. निसर्गात आधीपासून असलेला नियम तुम्ही हुडकून काढलात तर ती दरियाफ्त झाली. भारतीय पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्ये ती बाहेर ठेवलेली आहे. आणि तलाश करतो तो पेटंट ऑफिसातला परीक्षक : तुमची ईजाद जगात आधी कुठे होती का, याची.

दुसरा घोटाळा 'डिझाइन' या शब्दाचा. तो तरुण सारखा "माझी व्हॉल्व्हची डिझाइन" म्हणत होता. कापडावरची बुट्टी, काचेच्या बाटलीचा आकार, खुर्चीची पाठ, म्हणजे डोळ्यांना दिसणारे रूप, हे डिझाइन कायदा २००० खाली नोंदवतात. आधी दहा वर्षे, मग आणखी पाच. शॉकअपच्या नळीत तेलात बुडालेली चकती कुणाच्या डोळ्यांना सुंदर दिसावी म्हणून घडवलेली नसते. ती काम करते. आकाराचे कारण काम असेल तर रस्ता पेटंटचा, आणि मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची.

व्हॉल्व्ह काय करतो

परीक्षकाचे म्हणणे समजायचे तर शॉकअपच्या पोटात काय आहे हे ठाऊक हवे. गाडीचा भार स्प्रिंग किंवा पाटा उचलतो, शॉकअप नव्हे. शॉकअपचे काम स्प्रिंगचे नाचणे थांबवण्याचे. नळीत तेल भरलेले असते. तेलात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर-खाली जातो आणि तेलाला त्याच्या भोकांतून पलीकडे जावे लागते. तेल अडते, अडण्यातून विरोध तयार होतो, आणि धक्क्याची ताकद तेलाच्या उष्णतेत जिरते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, चटका बसेल.

आता नुसते भोक ठेवले तर काय होते? पिस्टनचा वेग दुप्पट झाला की तेलाचा दाब दुप्पट नाही, सुमारे चौपट होतो. म्हणजे हळू हलताना गाडी लगडीसारखी डुलत राहील आणि खड्ड्यात आदळली की तोच शॉकअप दगडासारखा कडक होईल. यावर तोडगा म्हणजे भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत बसवायची. हळू हालचालीत तेल एका बारीक खाचेतून झिरपते. जोराचा धक्का आला की दाबाने चकत्या वाकतात आणि मोठी वाट उघडते. चकत्यांची जाडी आणि संख्या बदलून कारखानदार शॉकअप नरम-गरम करतात. चाक वर येताना विरोध कमी आणि परत खाली जाताना जास्त, असा साधारण हिशेब असतो. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये तळालाही एक व्हॉल्व्ह असतो, कारण दांडा आत शिरला की तेवढ्या तेलाला बाहेरच्या नळीत जावे लागते.

यातले जवळजवळ सगळे जुने आहे. तेलाचे शॉकअप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मोरिस हूदाय याने आणले. एका नळीचा, गॅसच्या दाबाचा प्रकार द कार्बों या दुसऱ्या फ्रेंच माणसाचा, आणि तो १९५० च्या दशकात जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने मर्सिडीज गाड्यांत आणला. आपल्याकडे गॅब्रिएल इंडियाची स्थापना १९६१ ची, औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) एंड्युरन्स १९८५ ची. शंभराहून अधिक वर्षे हजारो हुशार माणसांनी या चकत्यांवर डोके चालवले आहे. परीक्षकाच्या टेबलावर हा सगळा ढीग असतो. आपल्या कारागिराच्या मनात मात्र आपण आणि आपला लेथ एवढेच असते.

त्याने केले काय होते?

त्याची तक्रार अशी होती की भरलेला टेम्पो खड्ड्यात गेला की चकत्यांची चळत एकदम उघडते, 'टक' असा आवाज येतो आणि दाबाचा झटका बसून तेलाचे सील लवकर जाते. म्हणून ज्या कडेवर चकती टेकते ती बैठक त्याने एका बाजूला किंचित उंच ठेवली. फरक ०.१५ मिलिमीटरचा. उंच बाजूला चकती जास्त ताणलेली राहते, खालच्या बाजूला कमी. त्यामुळे ती आधी खालच्या बाजूने उचलते आणि मग हळूहळू सगळी. दार एकदम न उघडता आधी फट पडावी तसे. शिवाय पहिल्या चकतीच्या कडेला तेल झिरपण्यासाठी खाच, आणि जास्तीचा दाब सोडण्यासाठी एक गोळी व स्प्रिंग.

ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने अर्ज केला. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला कॉम्प्युटरवरून अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते, तिची फी ४,०००, मोठ्यांना २०,०००. ३० पाने आणि १० दावे एवढ्यापर्यंत ही रक्कम, पुढे जास्तीचे पैसे. एजंटाची फी अर्थातच निराळी, आणि बहुतेक खर्च तोच असतो. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगढ, गोवा इकडच्या अर्जदारांचे ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे.

तपासणीची विनंती केली नाही तर अर्ज पडून राहतो आणि शेवटी मेलेला समजला जातो. पूर्वी या विनंतीला ४८ महिने मिळत. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना फक्त ३१ महिने मिळतात. जुन्या माहितीवर बसून राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अर्ज १८ महिन्यांनी पेटंटच्या सरकारी जर्नलमध्ये छापला जातो. याचा फेब्रुवारी २०२४ मध्ये छापून आला. त्या दिवसापासून कुणीही तो वाचू शकतो, आणि वाचला गेलाच. ते पुढे सांगतो.

परीक्षकाचा रिपोर्ट

परीक्षक वर्गवारीनुसार तलाश करतो. जगभरच्या पेटंटांना एक आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे. त्यात तेलाच्या शॉकअपचा कप्पा 'एफ १६ एफ ९' आणि त्यातल्या खास व्हॉल्व्हरचनेचा '९/३४'. आपण मांजरपाट, केंब्रिक, पॉपलिन वेगळ्या खणांत ठेवतो तसेच. देश कुठला, भाषा कुठली, साल कुठले याला महत्त्व नाही. तुमच्या तारखेच्या आधी छापलेले जपानी किंवा जर्मन पेटंटही तुमचे नावीन्य मारू शकते, तुम्ही ते जन्मात पाहिले नसले तरी. "मी कुणाची नक्कल केली नाही" हे उत्तर इथे चालत नाही. चोरीचा आरोप कुणी केलेलाच नसतो. प्रश्न एवढाच, की गोष्ट नवी आहे का.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिला तपासणी रिपोर्ट आला. तो पाहून हा मुलगा दोन रात्री झोपला नाही. खरे तर पहिल्या रिपोर्टात हरकती नसणे हीच नवलाची गोष्ट. बहुतेक अर्जांना त्या येतात. उत्तराला सहा महिने मिळतात, विनंती व फी भरून आणखी तीन. उत्तरच दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरतात. एजंटाच्या ईमेलमध्ये रिपोर्ट पडून राहिला आणि कारागिराला कळलेच नाही, असे प्रकार होतात. एजंट कितीही भला असला तरी आपल्या अर्जाचा नंबर टाकून महिन्यातून एकदा स्वतः स्थिती बघावी.

त्याच्या पहिल्या दाव्यात लिहिले होते : भोके असलेला पिस्टन, त्यावर लवचीक चकती, चकतीच्या कडेला खाच. परीक्षकाने एक जुने परदेशी पेटंट समोर ठेवले, त्यात हे तिन्ही जसेच्या तसे. दावा संपला. दावा म्हणजे शेताचे कुंपण. कुंपण इतके रुंद घातले की शेजाऱ्याचे घरही आत आले. हा दोष कारागिराचा कमी आणि लिहिणाऱ्याचा जास्त. "मोठा दावा केला तर मोठा हक्क मिळेल" हा हिशेब कागदावर बरा दिसतो.

दुसऱ्या दाव्यात खाच आणि दाब सोडणारी गोळी दोन्ही एकत्र. परीक्षकाने दुसरा कागद काढला, त्यात गोळी-स्प्रिंग होती. आणि कलम ३ (एफ) दाखवले : माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापले जुने काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर ती ईजाद नव्हे. छत्रीला पंखा बांधला म्हणून नवे यंत्र होत नाही. खाच तिचे काम करते, गोळी तिचे करते, एकमेकींना त्या ओळखतही नाहीत.

तिसरा दावा उताराच्या बैठकीचा. तिथे हरकत वेगळी होती. चकती गोल आहे, मध्ये नटाने आवळलेली आहे. जोडणी करताना किंवा चालताना ती फिरली तर खाच कुठल्या बाजूला येईल याचा भरवसा काय? मग म्हणता तो फायदा कसा मिळणार? हे दाव्यात नाही.

मला विचाराल तर सगळ्या रिपोर्टात ही हरकत सोन्याची होती. मी त्या मुलाला विचारले, "बेटा, चकती फिरत कशी नाही?" तो हसला. "चाचा, फिरेल कशी? चकतीचे भोक एका बाजूने सपाट आहे आणि दांड्यालाही तेवढीच सपाटी घासली आहे. बसते ती एकाच रीतीने. खाच नेहमी उताराच्या खालच्या बाजूला." मी म्हटले, "मग हे दाव्यात का नाही लिहिले?" म्हणाला, "त्यात काय लिहायचे? ते तर साधे आहे."

कारागिराला जे साधे वाटते तिथेच बहुधा त्याचे हुन्नर लपलेले असते. सपाट भोकामुळे खाच आणि उतार यांची गाठ बसली. तेल आधी खाचेतून येते, त्याच बाजूला चकतीचा ताण कमी असतो, तिथूनच ती उचलू लागते. आता भाग स्वतंत्र राहिले नाहीत, एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. कलम ३ (एफ) ची हरकत इथे सैल पडते.

पण कलम ५९ आडवे येते. अर्ज दाखल झाल्यावर दावा कमी करता येतो, स्पष्ट करता येतो, चूक सुधारता येते. मूळ कागदात नसलेली नवी गोष्ट आत घुसवता येत नाही. नशिबाने त्याने स्वतः पेन्सिलीने काढलेली आकृती जोडलेली होती. तिच्यात सपाट बाजू दिसत होती आणि ०.१५ चा आकडाही लिहिलेला होता. वर्णनात एका ओळीत उल्लेखही होता. आकृती नसती तर खेळ तिथेच आटोपला असता. अर्ज लिहिताना आकृत्या भरपूर द्या, मापे द्या, पर्याय द्या. उतार ०.१५ चा चालतो तसा ०.१ ते ०.३ पर्यंत चालत असेल आणि तुम्ही करून पाहिले असेल, तर तेही द्या.

मे २०२५ च्या आत उत्तर गेले. पहिले दोन दावे काढून टाकले, उरलेला एकच : उताराची बैठक, खालच्या बाजूला खाच, आणि चकती फिरू नये म्हणून सपाट भोक, तिन्ही एकत्र. सोबत चाचणी-यंत्रावर काढलेला वेग आणि विरोध यांचा आलेख, जुन्या आणि नव्या व्हॉल्व्हचा शेजारी शेजारी. जुन्याच्या रेषेला जिथे कोपरा होता तिथे नव्याची रेष वळण घेते. शंभर ओळींपेक्षा ती रेष जास्त बोलते.

मिर्झापूरची थाळी

एवढे करूनही परीक्षक विचारू शकतो, की ठीक आहे, नवे आहे, पण या धंद्यातल्या कुशल माणसाला ते सहज सुचले नसते का? याला कायद्यात शोधपायरी म्हणतात आणि बहुतेक अर्ज इथेच अडखळतात. या बाबतीत आपल्या देशातला पायाचा खटला भांडी बनवणाऱ्यांचा आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या भागीदारी पेढीच्या एका भागीदाराला १९५१ मध्ये पेटंट मिळाले. थाळ्या-भांडी लेथवर फिरवून घासताना ती निसटून उडत आणि कामगाराला लागत. त्यांनी समोरच्या बाजूने दाब देऊन भांडे पकडण्याची तजवीज केली. त्याच गावच्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीवर नक्कल केल्याचा दावा झाला. उच्च न्यायालयात आधी एक निकाल, मग अपिलात उलटा निकाल, आणि अखेर १३ डिसेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्द ठरवले. न्यायमूर्ती सरकारिया यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की जुन्या पद्धतीत केलेली सुधारणा ही निव्वळ वर्कशॉपमधल्या सुधारणेपेक्षा काहीतरी जास्त असली पाहिजे. लेथवर समोरून दाब देऊन वस्तू धरणे हे त्या धंद्याला माहीत होते. भांड्याला ते लावले, एवढ्याने ईजाद होत नाही. आणखी एक गोष्ट त्या निकालात पक्की झाली : पेटंट मिळाले म्हणजे ते वैध आहे याची हमी सरकार देत नाही. २७ वर्षांनी हे कळले. वकिलांवर किती गेले असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

माझे मत विचाराल तर हा निकाल कारागिरांना कठोर वाटतो, पण त्यांच्याच फायद्याचा आहे. लेथवरची प्रत्येक साधी युक्ती कुणाच्या नावावर झाली असती तर उद्या आपल्याला पाना फिरवायलाही परवानगी लागली असती.

कुंपण बारीक घातल्याने काय होते याचे अलीकडचे उदाहरण पुण्याच्या बजाज कंपनीचे. इंजिनात दोन स्पार्क प्लग हे जुनेच होते. होंडाच्या जुन्या पेटंटचा दाखला विरोधकांनी दिलाच. बजाजचा दावा लहान सिलिंडरच्या, ४५ ते ७० मिलिमीटर बोअरच्या इंजिनापुरता होता. पेटंट २००५ मध्ये मिळाले, टीव्हीएसशी भांडण २००७ मध्ये सुरू झाले. २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला, २००९ मध्ये तो उठला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने अशा खटल्यांची सुनावणी रोजच्या रोज करून लवकर निकाल लावा असे बजावले. तरीही प्रकरण मिटले ते २०१९ मध्ये, आपसातल्या समझोत्याने. मोठ्यांचे हे हाल, तिथे आपण कोण. म्हणून म्हणतो, भांडणाची ताकद तपासणीच्या वेळीच कागदात भरून ठेवावी लागते.

बिलाची गोष्ट

आता त्या प्लास्टिकच्या पिशवीकडे येऊ. उत्तर गेल्यानंतर काही आठवड्यांनी पेटंट देण्यापूर्वीचा विरोध दाखल झाला. कलम २५ (१) खाली जर्नलमध्ये छापलेल्या अर्जाला कुणीही विरोध करू शकतो. विरोध करणारा सुट्या भागांचा एक विक्रेता. त्याने जोडले एक बिल, तारीख मे २०२२, म्हणजे अर्जाच्या तीन महिने आधीची. मजकूर आपल्या कारागिराच्याच हस्ताक्षरात : "नवा व्हॉल्व्ह बसवलेले शॉकअप, ४ नग", पुढे रक्कम आणि सही.

मी त्याला विचारले, "हे बिल फाडलेस कशाला?" म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणाले, बिल दे. दिले." यात त्याची काय चूक? आपण सगळे इमानदारीने बिल फाडतो. पण पेटंटच्या हिशेबात अर्जाच्या तारखेआधी माल बाजारात विकला की गोष्ट लोकांना माहीत झाली असे धरतात. व्हॉल्व्ह नळीच्या आत बंद होता, कुणी उघडून पाहिला नाही, हा बचाव साधारणपणे टिकत नाही. ज्याने विकत घेतला त्याला उघडता येत होता, एवढे पुरे. हीच गोष्ट प्रदर्शनात मांडण्याची, फोनवर व्हिडिओ फिरवण्याची, मोठ्या डीलरला "बघा हो, कसे वाटते" म्हणून नमुना देण्याची. प्रदर्शनाला कलम ३१ ची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने तशी जाहीर केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या ठिकाणीच, आणि बारा महिन्यांच्या आत अर्ज केला तरच. गावच्या औद्योगिक मेळ्याला ती लागू असेल असे गृहीत धरू नये.

त्याच्या बाजूने एकच दार उघडे आहे, कलम ३२. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, फक्त वाजवी चाचणीसाठी, आणि वस्तूचा स्वभावच असा असेल की चाचणी लोकांसमोर करणे भाग पडावे, तर तशा वापराने पेटंट बुडत नाही. शॉकअपची चाचणी खोलीत कशी करणार? टेम्पो रस्त्यावरच न्यावा लागतो. त्याने एकंदर अकरा टेम्पोंना हे शॉकअप बसवले, सात फुकट. चारांचे पैसे घेतले, ते तेल, सील आणि मजुरीचे असे तो म्हणतो. पण बिलात तसे फोडून लिहिलेले नाही. 'चाचणीसाठी' हा एक शब्द असता तर चित्र निराळे दिसले असते. आता चाचणी खरोखर चाचणीच होती हे त्याला दाखवावे लागेल. कुठली गाडी, किती किलोमीटर, काय बिघडले, मग काय बदलले. टेम्पोवाल्यांची प्रतिज्ञापत्रे लागतील. एजंटाच्या मते प्रकरण दोन्ही बाजूंनी जाऊ शकते.

हे सगळे १,६०० रुपयांत टळले असते, हे त्याला सांगताना मलाच जड गेले. कलम ९ प्रमाणे तात्पुरते तपशीलपत्र दाखल करता येते. त्यात दावे लिहावे लागत नाहीत. कल्पना, आकृती, मापे एवढे नीट मांडले की तारीख मिळते, आणि पूर्ण तपशीलपत्राला बारा महिने मिळतात. त्या बारा महिन्यांत खुशाल रस्त्यावर चाचण्या करा, बिले फाडा. बारा महिने चुकले तर मात्र अर्ज गेला. आणि तात्पुरत्या कागदात जे नाही त्याला ती तारीख मिळत नाही, म्हणून चार ओळी खरडून देण्यात अर्थ नाही.

विरोधावरची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, व्हिडिओवर. एजंटाने चाचण्यांची वही मागितली आहे. वही सापडली. गॅरेजच्या फळीवर तेलाच्या डब्याखाली होती. जानेवारी ते जुलै २०२२ च्या नोंदी आहेत, टेम्पोचे नंबर आहेत, दोन ठिकाणी "सील गेले, उतार कमी केला" असे लिहिले आहे. मधली काही पाने तेलाने एकमेकांना चिकटली आहेत. ती वाफेवर धरून सोडवायचे काम त्याची बहीण करते आहे.